दाराशेजारचा राखणदार

आबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि लिफ्टवाल्या माणसाचा कुठल्याही एका गोष्टीवर विश्वास नसतो. एका दोरानं भागत असलं तरी तो सहा दोर लावतो. ब्रेक असतोच, त्या ब्रेकवर आणखी एक ब्रेक असतो, आणि तोही फसला तर खाली खड्ड्यात स्प्रिंगा असतात. निवृत्त झाल्यावर ही सवय टाकायची कुठं? आबांनी ती घरी आणली. शेगडी बंद केली की ते सिलिंडरही बंद करायचे, दाराला कुलूप लावून ओढून बघायचे, अर्धा जिना उतरून पुन्हा वर यायचे आणि आणखी एकदा ओढायचे. बायको होती तोवर ती हसायची. ती गेली आणि हसायला कोणी उरलं नाही, तेव्हापासून कुलूप चारचारदा ओढलं जाऊ लागलं.

मोठं घर खायला उठलं म्हणून त्यांनी ते सोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. लेक परोपरीनं सांगत होती, आमच्याकडे चला म्हणून. आबा म्हणाले, "तुमच्याकडे गच्ची नाही." लेकीला वाटलं, बापाला हवा खायला गच्ची हवी आहे. आबांना ती हवी होती एरिअलची तार बांधायला.

कारण आबांना रेडिओचा नाद होता. ऐकायचा तर होताच, पण त्याहून जास्त बोलायचा. बोलणं तरी कसलं, मोर्सची टकटक. टेबलावर एक पितळी खटका असतो, तो बोटानं दाबला की जातो सूर, सोडला की थांबतो. लांब आणि आखूड सुरांची अक्षरं होतात, अक्षरांचे शब्द होतात, आणि जगाच्या पाठीवर कुठंतरी बसलेला असाच एखादा वेडा ते कानाला हेडफोन लावून टिपून घेतो. ज्याला हे जमत नाही त्याला यात काय मजा हे पटवून सांगणं अशक्य आहे. आबांनी बायकोला बरीच वर्षं प्रयत्न करून पाहिला होता आणि शेवटी हात टेकले होते.

आबांचा वेडा एकच होता. त्याला सगळे घड्याळजी म्हणत, कारण त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तो फार दूर राहायचा. दोघं कधी भेटले नव्हते, एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण रोज सकाळी चहा झाला की दोघं आपापल्या टेबलाशी बसायचे आणि भांडायचे. फोनचा उपयोग नव्हता. घड्याळजीला माणसाचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नसे. फोनवर तो "हां, हां" म्हणायचा आणि भलतंच उत्तर द्यायचा. मोर्सची बारीक शिट्टी मात्र हेडफोनचा आवाज मोठा केला की त्याच्या कानात बरोबर शिरायची. डॉक्टरांनाही याचं नवल वाटायचं म्हणे.

आता त्या रेडिओची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी झालं. जुन्या घरी एका दुपारी रस्त्यावरच्या लाइनची न्यूट्रल तुटली आणि घराघरांत दुप्पट व्होल्टेज घुसलं. दिवे फुटले, पंखा जळाला, आणि आबांच्या जुन्या सेटमधून धुराची एक बारीक रेघ निघाली. माणूस जावा तसा तो सेट गेला. आबांनी घड्याळजीला पत्रानं कळवलं आणि पाणी सोडलं. त्यावर काही दिवसांनी पार्सल आलं. आत चष्म्याच्या घराएवढी एक पत्र्याची डबी होती. घड्याळजीनं स्वतःच्या हातानं बनवलेला सेट. ताकद किती, तर जेमतेम एका वॉटची, म्हणजे देवापुढच्या छोट्या बल्बाएवढीही नाही. पण घड्याळजीच्या हातचं काम ते, पहिल्याच सकाळी डबीतून त्याची टकटक खणखणीत आली आणि आबांचीही त्याच्याकडे तशीच पोहोचली.

"डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय," त्यानं कळवलं होतं. "ही शेवटची. दुसरी होणार नाही. जपून वापर."

लिफ्टवाल्याला कोणी जपून वापर म्हणू नये. आबांनी डबी तळहाताच्या फोडासारखी जपली. नव्या खोलीची वीज तर फारच लहरी होती. संध्याकाळी दिवा पिवळा पडायचा आणि सकाळी एकदम डोळे दिपवायचा. डबी बॅटरीवर चालायची, पण ती बॅटरी याच विजेवर भरायची. चार्जर बिघडला तर? बॅटरीचं टोक उलटं लागलं तर? त्यांनी बॅटरी आणि डबी यांच्यामध्ये एक फ्यूज बसवला. मग उलट्या जोडणीसाठी एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणारा पुर्जा. तो फसला तर, म्हणून दुसरा. मग धक्का मवाळ करायला वायरीचं भेंडोळं, मग आणखी एक फ्यूज, मग गरम झाला की आपणहून अडवणारा एक चपटा पुर्जा. टेबलावर ही माळच माळ पसरली. आबा तिच्याकडे कौतुकानं बघत राहिले. आता आकाश कोसळलं तरी डबीला ओरखडा येणार नव्हता.

खरं तर याच विषयावर दोघांचं वर्षानुवर्षं भांडण होतं. घड्याळजीचं म्हणणं असायचं, डायोड वाटेत लावू नकोस, आडवा लाव, प्लस आणि मायनसच्या मध्ये, आणि पुढं एकच फ्यूज ठेव. तो लिहायचा, "राखणदार दारातच उभा केलास तर घरच्या माणसालाही अंग चोरून जावं लागतं. त्याला दाराशेजारी बसव. चोर आला की तो त्याच्या अंगावर पडेल, फ्यूज उडेल, घर वाचेल. एरवी तो कोणाच्या वाटेत नाही." त्यावर आबांचं उत्तर ठरलेलं, "आमच्या धंद्यात आधी अडवतात, मग विचारतात. तू घड्याळं लाव." या वादात दोघांनाही इतका रस होता की निकाल लागला असता तर दोघंही कष्टी झाले असते.

तर आबांनी गच्चीत तार बांधली, माळ जोडली, मीटर लावून पाहिला. काटा बरोबर बारा व्होल्टवर. घर बदलण्याचं त्यांनी घड्याळजीपासून गंमत म्हणून लपवलं होतं, ते आता पहिल्याच सकाळी सांगू म्हणून त्यांनी चहासुद्धा घाईनं घेतला.

हेडफोनमध्ये घड्याळजी हाक मारत होताच. आबांचं हवेवरचं नाव, म्हणजे रेडिओवाल्याला मिळालेली खुणेची अक्षरं, मग स्वतःचं, मग थांबणं. आबांनी खटका दाबला, उत्तर दिलं. घड्याळजी क्षणभर थांबला आणि पुन्हा हाक मारू लागला, जणू काही झालंच नव्हतं.

आबांनी पुन्हा उत्तर दिलं. त्यानं पुन्हा हाक मारली. असं बराच वेळ चाललं. एक जण हाका मारतोय, दुसरा ओ देतोय, आणि ओ कुठं पोहोचतच नाही. शेवटी घड्याळजीनं "उद्या" एवढं पाठवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आबा गच्चीत जाऊन तार तपासून आले, तिची गाठ सोडून पुन्हा बांधली. मीटर लावला, काटा बारावर. खटका दाबला की त्यांची स्वतःची टकटक त्यांच्याच कानात स्वच्छ वाजत होती, म्हणजे सेट तर बोलत होता. मग बिघाड कुणाचा? आबांनी निकाल दिला. बिचाऱ्याचे उरलेसुरले कानही गेले.

हा निकाल देताना त्यांना वाईट वाटलं हे खरं, आणि थोडा रागही आला हेही खरं. राग कशाचा, ते त्यांना सांगता आलं नसतं. रोज सकाळी एक माणूस आपल्या नावानं हाका मारतो, आपण घसा फोडून ओ देतो, आणि तो पुन्हा तितक्याच शांतपणे हाक मारतो. खोलीत बायको नाही, लेक दूर, आणि उरला एक तोही काचेच्या पलीकडं उभा. आबा काही सकाळी नुसतेच ऐकत बसू लागले. हाका आखूड होत चालल्या होत्या.

लेकीचा फोन यायचा. "आबा, दिवसभरात बोलता का कुणाशी?"

"बोलतो की. रोज बोलतो."

"कोणाशी?"

"घड्याळजीशी."

"काय म्हणतात ते?"

 "माझं नाव घेतो," ते म्हणाले, आणि तुझा नवरा कसा आहे म्हणून विषय बदलला.

पत्र टाकायचं रोज मनात यायचं. पण त्यात लिहायचं काय? बाबा रे, तू आता ठार बहिरा झालास, उद्यापासून बसू नकोस, असं? ते लिहायचं आबांच्या जिवावर आलं. लिहिलं की सगळंच संपणार होतं. न लिहिता निदान सकाळी नाव तरी ऐकू येत होतं. त्यामुळे घर बदलल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

एका सकाळी हाक आली नाही. आबांनी डबीचा कान पिळून बारीक शोध घेतला, तेव्हा थोड्या बाजूला घड्याळजी सापडला. तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. तो माणूस आबांना नावानं माहीत होता, जहाजावर रेडिओ चालवून निवृत्त झालेला. त्याला बोटवाला म्हणत.

"पत्र परत आलं," घड्याळजी पाठवत होता. "वर लिहिलं होतं, इथं राहत नाही. मग मी काय ते समजलो."

"त्याची चावी थांबली म्हणायची," बोटवाला म्हणाला.

रेडिओवाल्यांत माणूस मेला असं म्हणत नाहीत. चावी, म्हणजे खटका, थांबली म्हणतात. आबांना क्षणभर वाटलं, कोण बरं गेलं? मग घड्याळजीनं नाव पाठवलं. ती अक्षरं आबांची होती.

आबांनी खटक्यावर झडप घातली. मी आहे, मी आहे, मी इथं आहे. त्यांच्या कानात त्यांची टकटक गारांसारखी वाजत होती. पलीकडचे दोघं मान खाली घालून बसावं तसे संथपणे बोलत राहिले.

"भेटला होतास कधी?" बोटवाल्यानं विचारलं.

"नाही. भांडकुदळ माणूस. महा हट्टी. एक साधी गोष्ट सांगून दमलो, पण ऐकेल तर शपथ." मग घड्याळजीनं सावकाश पाठवलं, "पण रोज यायचा. आता सकाळी उठून काय करायचं ते मला कळत नाही."

आबांचा हात खटक्यावरच राहिला. आपल्यामागं आपल्याबद्दल कोणी एवढं बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. लेक रडेल, ते वेगळं. पण कुणाच्या तरी सकाळी आपल्यावाचून अडतील हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, आणि तेही मेल्यावर. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना घड्याळजीच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"दुपारी भाचा येतोय," घड्याळजी सांगत होता. "तार उतरवतो म्हणालाय. आता कुणासाठी ठेवायची? जेवणाआधी रीत करीन, आणि बंद."

ती रीत आबांना माहीत होती. त्यांनी स्वतःही दोनचार जणांसाठी केली होती. गेलेल्या माणसाचं हवेवरचं नाव एकदा शेवटचं पुकारायचं, तो उत्तर देईल इतकी जागा रिकामी सोडायची, आणि मग खटका झाकून ठेवायचा. ती रिकामी जागा ऐकवत नाही. आणि आज ती आबांच्या नावाची असणार होती.

आबा उठले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. अशा वेळी डोकं कधी कधी आपणहून चालतं. बोटवाल्याचं अक्षर न् अक्षर त्याला ऐकू येतंय. प्रश्नाला बरोबर उत्तर देतोय. म्हणजे कान शाबूत आहेत. म्हणजे खोट त्याच्यात नाही.

म्हणजे खोट इथं आहे.

त्यांनी मीटर ओढला. काटा बारावर. त्यांनी काचेवर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं, बारावर. आणि मग त्यांना आपलंच वाक्य आठवलं, जे ते कामावर नव्या मुलांना ओरडून सांगायचे. अरे, रिकामी लिफ्ट वर गेली म्हणून ती बरी आहे असं समजता? माणसं भरा आणि मग बघा. इतके दिवस त्यांनी रिकामीच लिफ्ट मोजली होती. खटका मोकळा असताना सेट काही खातच नाही, मग काटा हलेल कशाला?

त्यांनी डाव्या हातानं खटका दाबून धरला आणि काट्याकडं पाहिलं. काटा बारावरून खाली आला. दहा, नऊ, आणि आठाशी जाऊन टेकला. खटका सोडला, साळसूदासारखा परत बारावर.

आबा खुर्चीत बसले. माळेतला प्रत्येक राखणदार आपला आपला वाटा खात होता. दोन डायोड थोडं थोडं, फ्यूज थोडं, भेंडोळं थोडं, चपटा पुर्जा तर बकासुरासारखा. ऐकताना सगळं ठीक होतं, कारण ऐकायला ताकद फारशी लागत नाही. बोलायला तोंड उघडलं की मात्र उपाशी डबीचा आवाज दाराबाहेरही जात नव्हता. त्यांनी डबीला इतकं जपलं होतं की ती मुकी झाली होती.

यापुढची त्यांची घाई पाहण्यासारखी होती. त्यांनी माळ कात्रीनं कापली. इतक्या प्रेमानं जोडलेली माळ कापताना त्यांना काही वाटलं नाही. एक फ्यूज ठेवला, एक डायोड उचलला, सोल्डरिंगची सळई तापत ठेवली. डायोड आडवा, प्लस आणि मायनसच्या मध्ये. घड्याळजीनं वर्षानुवर्षं सांगितलं तसा. हाताला कंप होता, चष्म्यावर वाफ धरत होती, आणि गल्लीतून कुणाच्या तरी जेवणाची भांडी वाजू लागली होती.

वायरी दोन्ही काळ्याच उरल्या होत्या, लाल रंगाची माळेबरोबर गेली होती. आबांनी बॅटरीला टोकं लावली.

टप् असा बारीक आवाज झाला.

टोकं उलटी. ज्या एका चुकीसाठी त्यांनी सहा राखणदार बसवले होते ती त्यांनी सगळ्यांना हाकलून दिल्यावर, भर दिवसा, शुद्धीत असताना केली होती. त्यांना डबीकडं बघवेना. मग त्यांनी नाक पुढं करून वास घेतला. जळका वास नव्हता. फ्यूजच्या काचेत पाहिलं, आतली तार उडाली होती. आडवा बसलेला राखणदार उलट्या विजेच्या अंगावर पडला होता, फ्यूज गेला होता, आणि घराच्या आत काही शिरलं नव्हतं. कापलेल्या माळेत फ्यूज होतेच. त्यांनी दुसरा बसवला, नखानं वायरीवर खूण केली, टोकं सुलटी लावली, ओढून बघितली. एकदाच ओढून बघितली.

हेडफोन लावला तेव्हा रीत सुरू झाली होती. घड्याळजी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आबांचं नाव पुकारत होता. मग तो थांबला.

ती रिकामी जागा आली. आबांनी आजवर ती पुकारणाऱ्याच्या बाजूनं ऐकली होती. तिच्यात नुसती हवेची खरखर होती, आणि त्या खरखरीच्या पलीकडं एक म्हातारा कानाला हेडफोन दाबून, काही येणार नाही हे माहीत असून, वाट बघत बसला होता.

आबांनी खटका दाबला. काट्याकडं त्यांनी पाहिलं नाही. "मी आहे," त्यांनी पाठवलं. "मी आहे रे."

 मग घड्याळजीची टकटक आली, इतकी रागीट की अक्षरं एकमेकांवर आदळत होती.

"कोण आहेस तू? गेलेल्या माणसाचं नाव वापरतोस? लाज नाही वाटत?"

"मीच आहे."

"त्याचा हात असा कापत नव्हता. बंद कर."

हे खरं होतं. मोर्सवाला दुसऱ्याला त्याच्या हातावरून ओळखतो, आणि आबांचा हात आज परक्याचा झाला होता. काय सांगावं? लेकीचं नाव, गाव, जुन्या गप्पा, यातलं सगळं इतरांनी कधी ना कधी हवेवर ऐकलेलं. फक्त एक वाक्य असं होतं जे आबांच्या हातून आजवर कधीच गेलं नव्हतं, आणि जे ऐकायला घड्याळजी वर्षानुवर्षं टपून बसला होता. आबांनी दम घेतला.

"तुझं खरं होतं," त्यांनी पाठवलं. "राखणदार दारात उभे केले होते. माझा आवाज बाहेरच येत नव्हता. आत्ता एक दाराशेजारी बसवला. बॅटरी उलटी लागली. फ्यूज गेला. डबी वाचली. तुझं खरं होतं."

पुन्हा खरखर सुरू झाली. एवढी लांब की आबांना वाटलं, भाचा आला, तार उतरली.

"मेल्यावर तरी शहाणा झालास," घड्याळजीनं पाठवलं.

आबा हसले. एकट्याच्या खोलीत मोठ्यानं हसले, आणि हसता हसता ते दुसरंच काहीतरी होऊ लागलं, म्हणून त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"रोज ओ देत होतो तुला," त्यांनी कसंबसं पाठवलं. "रोज."

"आणि मी रोज हाक मारत होतो," घड्याळजी म्हणाला. त्याचीही अक्षरं आता धड पडत नव्हती. "भाच्याला चहा पाजून परत पाठवतो. पण तू असा पुन्हा गप्प होऊ नकोस. ऐकतोयस ना? गप्प होऊ नकोस."

आबांना उत्तर द्यायचं होतं, पण एक शब्दही जुळेना. अक्षरंच आठवेनात. आणि थांबावं तर पुन्हा तीच रिकामी जागा पडणार, आणि पलीकडचा म्हातारा तिच्यात एकटा बसणार. म्हणून त्यांनी खटका नुसता दाबला आणि दाबूनच धरला. एकच लांबलचक सूर, ज्याला काही अर्थ नसतो, गच्चीवरच्या तारेतून जात राहिला. टेबलावर मीटर तसाच जोडलेला होता. काटा बारावर होता आणि तिथून हलत नव्हता.